सुवाह्य विद्युत् उपकरणे आणि एकसष्टावा नियम : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

भारतीय विद्युत् नियमावली, १९५६ मधील एकसष्टावा नियम भू-संयोजनाविषयीचा, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण 'अर्थिंग' म्हणतो त्याविषयीचा आहे. विद्युत्‌वाहिनी किंवा उपकरण ज्यात ठेवलेले असेल असे प्रत्येक धातूचे आवरण जमिनीशी जोडलेले असावे, असा त्याचा सर्वसाधारण दंडक. त्या दंडकाला लागूनच एक परंतुक येते. पुरवठा कमी दाबाचा, म्हणजे २५० व्होल्टपर्यंतचा असेल तेथे भिंतीतील सुट्या नळ्या, दिव्यांचे हात, झुंबरे, बटणे, छताचे पंखे आणि तत्सम जोडसामान यांस, त्यांना भू-संयोजनाचे अग्र दिलेले नसल्यास, हा दंडक लागू नाही. परंतु 'इतर जोडसामान' या शब्दांपाशी एक कंस आहे आणि त्यात म्हटले आहे की, ही सवलत हातदिव्यांस आणि सुवाह्य व स्थलांतरक्षम उपकरणांस मिळावयाची नाही. अपवादाचा हा अपवाद कंसात असल्यामुळे वाचताना सहज नजरेआड होतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तो कंस हाच आहे.

छताला टांगलेला पंखा आणि हातात धरलेली इस्तरी यांत कायद्याने केलेला हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. घरातील व कामाच्या जागेवरील विजेच्या अपघातांचे मर्म त्यात अचूक पकडले गेले आहे. इतिहासकाराने विचारावयाचा प्रश्न पुढचा आहे. धोका कोठे आहे हे नियमकर्त्यांनी इतके नेमके ओळखल्यावर त्याची तपासणी कोणाकडे सोपविली? परभणीसारख्या जिल्ह्याच्या अनुभवावरून पाहता या प्रश्नाचे उत्तर असे निघते की, भिंत तपासण्याची व्यवस्था झाली, कारखान्यातून निघणारी नवी वस्तू तपासण्याची व्यवस्थाही यथाकाल झाली. परंतु घरात आलेली, वापरात जुनी झालेली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरणारी वस्तू तपासणे हे कोणाच्याच कर्तव्यात बसले नाही. ते काम कायद्याने कधी न पाहिलेल्या एका माणसाने केले. त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे.

विजेसंबंधीच्या कायद्यांची परंपरा मुळात सुरक्षिततेच्या चिंतेतूनच निघाली आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. लंडनमध्ये १८८२ साली विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने तारजोडणीचे पहिले नियम केले ते आगीच्या भयाने. अमेरिकेत विल्यम मेरिल याने १८९४ मध्ये शिकागो येथे विद्युत् सामानाची तपासणी सुरू केली तीही अग्निविमा कंपन्यांच्या आश्रयाने. आपल्याकडील १८८७ चा पहिला विद्युत् कायदा विजेच्या पुरवठ्यापासून व वापरापासून माणसांस व मालमत्तेस होणाऱ्या अपायाच्या निवारणासाठीच झाला. पुढे १९०३ व १९१० चे कायदे आले, आणि त्यांत परवाने, पुरवठादारांचे हक्क, रस्ते खोदण्याची मुभा या गोष्टींनी मोठी जागा व्यापली. सुरक्षितता नियमावल्यांकडे गेली : १९२२, १९३७ आणि शेवटी १९५६.

हे सर्व ब्रिटिश हिंदुस्थानातील झाले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि कलकत्त्यास किंवा दिल्लीस झालेला कायदा त्या राज्यास आपोआप लागू होत नसे. हैदराबाद शहरात हुसेनसागराच्या काठी १९२० पासून औष्णिक वीजकेंद्र चालू होते. पण राजधानीच्या दिव्यांचा उजेड आणि गोदाकाठच्या मराठी मुलखाचा अंधार यांतील अंतर फार मोठे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. नवी नियमावली त्याच वर्षाची. म्हणजे ज्या जिल्ह्यात अजून बहुसंख्य घरांत रॉकेलची चिमणी होती तेथे इस्तरीच्या धातूच्या अंगाविषयीचा नियम विजेच्या आधी येऊन पोहोचला होता. वीज मागून आली. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याचे साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत्‌केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले, आणि महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या तारा त्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी गेल्या. (आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, तेव्हा या टिपणातील जुन्या काळच्या विधानांत तोही आला असे समजावे.)

आता त्या काळच्या तपासणीची चौकट पाहू. अठ्ठेचाळिसाव्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या जागेतील मांडणीतून धोकादायक गळती होणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय पुरवठादाराने जोडणी द्यावयाची नाही. नियमाच्या पुढे प्रचलित झालेल्या पाठात यासाठी मापही दिले आहे : प्रत्येक विद्युत्‌वाहक तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून निरोधनाचा रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे. हे माप घेण्याचे यंत्र म्हणजे मेगर. लंडनच्या एव्हर्शेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने १९०३ मध्ये नोंदविलेले हे व्यापारनाम पुढे त्या यंत्राचे सामान्यनामच झाले. परंतु या नियमातील महत्त्वाचे शब्द 'जोडणी करतेवेळी' हे आहेत. जोडणीच्या दिवशी घरात काय असे? चार दिवे, एखादा पंखा, भिंतीवर एक-दोन प्लगची छिद्रे. इस्तरी पुढल्या दिवाळीस येणार, पाणी तापविण्याची कांडी मुलगा शिकावयास शहरात गेल्यावर, आणि कूलर त्याच्याही नंतर. जोडणीच्या वेळच्या मेगरला त्या वस्तूंचा वासही लागत नाही.

शेचाळिसावा नियम पाच वर्षांहून अधिक नसेल अशा अंतराने पुनर्तपासणी सांगतो, ती मांडणीची. प्लगच्या छिद्रापाशी ही तपासणी थांबते. १९१० च्या कायद्याचे तिसावे कलम अधिक बोलके आहे. ज्या जागी सामान्यतः शंभर किंवा अधिक माणसे जमण्याचा संभव असेल तेथे, तसेच कारखान्यात वा खाणीत, वीज वापरण्यापूर्वी विद्युत् निरीक्षकास व जिल्हादंडाधिकाऱ्यास सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागे. म्हणजे चित्रपटगृह निरीक्षकाच्या दृष्टीत आले आणि जिनिंगचा कारखानाही आला. एकत्र कुटुंबाचा वाडा कितीही भरलेला असला तरी शंभरात बसत नाही. चव्वेचाळिसाव्या नियमाने विजेचा धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर आणण्याच्या सूचना जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावण्याची सक्ती केली. परंतु ती वीजकेंद्रात, उपकेंद्रात व कारखान्यात. मराठीतील तो फलक ज्याच्या दृष्टीस पडावा अशी अपेक्षा होती तो मजूर होता. त्याच मजुराची पत्नी घरी ओल्या हाताने बालदीतील कांडी काढीत असेल, ही कल्पना नियमात कोठेही नाही.

उपकरण तयार होते तेथेच त्याची परीक्षा करावयाची, हा दुसरा मार्ग. भारतीय मानक संस्था १९४७ च्या जानेवारीत स्थापन झाली, तिच्या प्रमाणचिन्हाचा कायदा १९५२ मध्ये झाला, आणि 'आयएसआय' ही तीन अक्षरे मराठी घरातही विश्वासाची खूण बनली. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण मानक आयएस ३०२ हे होय; इस्तरी, किटली, बुडीत तापक यांची स्वतंत्र मानके आहेत. आरंभी चिन्ह घेणे उत्पादकाच्या इच्छेवर होते. घरगुती विद्युत् उपकरणांच्या गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेश १९८१ मध्ये निघाला, नंतर १९९३ व २००३ चे आदेश आले, आणि इस्तरीसारख्या ठरावीक वस्तूंना चिन्ह अनिवार्य झाले. एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवून घेतलेल्या या मानकात, भू-संयोजनावर विसंबणाऱ्या सुवाह्य उपकरणाची गळती ०·७५ मिलिअँपिअरहून अधिक चालत नाही. त्याच वर्गातील एका जागी राहणाऱ्या मोटारीच्या उपकरणास मात्र साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. हातात येणाऱ्या वस्तूस जवळजवळ पाचपट कडक कसोटी! एकसष्टाव्या नियमातील कंसच येथे आकड्याच्या रूपाने पुन्हा भेटतो.

या भेदाचे शारीरिक कारण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झिएल यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले. हातातून प्रवाह वाहू लागला की स्नायू आकसतात आणि एका मर्यादेपलीकडे धरलेली वस्तू इच्छा असूनही सोडता येत नाही. ही मर्यादा पुरुषांत सरासरीने १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर भरली. आपल्याकडे खेड्यातील माणूस 'लाइटीनं धरलं' असे म्हणतो. त्या क्रियापदात अज्ञान आहे असे समजणारे चुकतात. धरले जाणे हेच घडलेले असते. पंख्याला कोणी मुठीत धरीत नाही; इस्तरीची मूठ, हातयंत्राचा दांडा, हातदिव्याची जाळी आणि बालदीची कडी ही मात्र धरावयाचीच असतात.

याच परंतुकाच्या पुढील भागात, नव्या किंवा नूतनीकृत मांडणीत सर्व प्लग तीन पिनांचेच असावेत व तिसरी पिन कायमची व कार्यक्षमतेने जमिनीशी जोडलेली असावी, असे सांगितले आहे. तिसरी पिन बसविणे सोपे, तिला जमीन मिळवून देणे कठीण. परभणी जिल्ह्यात तर या दुसऱ्या कामास भूगर्भाचीच हरकत आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी चिकणमाती ओली असते तेव्हा वीज जिरविण्यास तिच्यासारखी जमीन नाही. पण हीच माती उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर भेगा पडतात, पुरलेल्या नळीच्या वा पट्टीच्या अंगापासून ती सुटते, आणि रोध अनेक पटींनी वाढतो. जिंतूरकडील डोंगराळ भागात मातीचा थरच पातळ. खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. भू-संयोजनाची भारतीय संहिता, आयएस ३०४३, ही १९६६ ची. खड्ड्यात कोळसा व मीठ यांचे थर घालावे आणि उन्हाळ्यात वरच्या नळीतून पाणी ओतीत राहावे, ही पद्धत तारतंत्र्यांना ठाऊक असतेच. प्रश्न पाण्याचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत जेथे पिण्याच्या पाण्याच्या खेपा मोजाव्या लागतात तेथे अर्थिंगच्या खड्ड्याला बादलीभर पाणी घाला म्हणून घरातील स्त्रीस सांगणे धाडसाचे आहे.

हा ऋतूचा मुद्दा आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. समजा, इस्तरीच्या आतील तार सुटून तिच्या अंगाला टेकली. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध पावसाळ्यात पाच ओहम असेल, तर २३० व्होल्टला चाळीसहून अधिक अँपिअर प्रवाह जमिनीत जाऊ पाहील आणि पाच अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळेल. तोच रोध मे महिन्यात शंभर ओहम झाला, तर प्रवाह सव्वादोन अँपिअरच्या आसपास राहील. फ्यूज शांत राहील, इस्तरी तापत राहील, आणि तिच्या अंगावर जवळजवळ पूर्ण दाब उभा राहील. एवढेच नव्हे, तिसऱ्या पिनेच्या तारेने घरातील सगळी धातूची अंगे एकमेकांस जोडलेली असल्यामुळे हा दाब शेजारच्या खोलीतील निर्दोष कूलरच्या पत्र्यावरही येईल. कोरड्या जमिनीत रोवलेली तिसरी पिन अशा रीतीने दोष एका वस्तूतून दुसरीत पोहोचविते. ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीत ही गोष्ट दिसणार नाही.

कूलर ही तर या उन्हाळ्याचीच निर्मिती आहे. पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या दिवसांत त्याच्यावाचून दुपार काढणे अवघड. त्याचेही मानक आहे, आयएस ३३१५. परंतु मराठवाड्यातील पुष्कळसे कूलर कारखान्यातून न येता पत्राकामाच्या दुकानातून येतात : लोखंडी पत्रा, आत मोटार, तळाशी पाणी, पाण्यात छोटा पंप, भोवती गवताच्या ओल्या ताट्या. मोटारीवर चिन्ह असेल, पंपावर असेल. जुळविलेल्या संपूर्ण वस्तूची कसोटी कोणी घेतलेली नसते. आणि पाणी भरावयास येणारा हात बहुधा ओला असतो, पाय ओल्या फरशीवर अनवाणी असतात.

तेव्हा वापरातील उपकरण प्रत्यक्षात कोण तपासीत आले? दुरुस्तीच्या दुकानातील कारागीर. मोटारींचे वाइंडिंग भरणारा, पंखे-इस्तऱ्या दुरुस्त करणारा, क्वचित परवानाधारक, बहुधा दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेला. त्याची दोन साधने पाहण्याजोगी आहेत. एक 'सिरीज बोर्ड' : लाकडी फळीवर एक दिवा आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेली दोन टोके. एक टोक उपकरणाच्या पिनेला, दुसरे धातूच्या अंगाला लावावयाचे; दिवा लागला की वस्तू 'बॉडी शॉर्ट'. दुसरे साधन निऑन दिव्याचा खिशातील टेस्टर. या दोन साधनांवर जिल्ह्यातील हजारो घरांची सुरक्षितता वर्षानुवर्षे टेकलेली आहे. म्हणून त्यांची मर्यादा नीट मांडली पाहिजे. शंभर वॉटचा दिवा पूर्ण प्रकाशास सुमारे ४३० मिलिअँपिअर घेतो. गळती तीस मिलिअँपिअर असेल, म्हणजे माणूस मारण्यास पुरेशी असेल, तर त्या दिव्याची तार लालसुद्धा होत नाही. कारागीर म्हणतो, माल ठीक आहे. उलट टेस्टर मिलिअँपिअरच्या लहानशा अंशानेही पेटतो. तिसरी पिन न जोडलेल्या चांगल्या शीतकपाटावरही तो मिणमिणतो, आणि मग 'थोडा करंट येतोच', 'जरा मुंग्या येतात, बाकी काही नाही' हे उद्गार घरोघर रूढ होतात. एका साधनाला गळती दिसतच नाही, दुसरे निरुपद्रवी गळतीवरही पेटते. प्राणघातक पट्टा नेमका या दोहोंच्या मधला आहे, आणि तो मोजणारा मेगर दुकानात नसे. वाइंडिंगच्या मोठ्या दुकानात असलाच तर मोटारीसाठी असे, इस्तरीसाठी त्याचे हँडल फिरविण्याची रीत नव्हती.

असे असूनही मी या कारागिरास दोष देणार नाही. झिजलेली दोरी, भाजलेला प्लग, ढिली झालेली मूठ त्याला नजरेने दिसत असे आणि ती तो बदलीत असे. ब्रिटनचा अनुभव येथे तुलनेस उपयोगी पडतो. तेथे कारखान्यांतील विजेसाठी १९०८ पासून विशेष नियम होते. १९८९ च्या नियमांनी कामाच्या सर्व जागा कक्षेत घेतल्या आणि विद्युत् साधने धोकारहित स्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्यातून सुवाह्य उपकरणांच्या नियतकालिक चाचणीचा एक व्यवसायच उभा राहिला. अभियंत्यांच्या संस्थेने १९९४ मध्ये त्यासाठी संहिता काढली, आणि कचेरीतील किटलीवरही तपासणीच्या तारखेची चिठ्ठी दिसू लागली. दरवर्षी चाचणी करावी असे मात्र तो कायदा म्हणत नाही, आणि बहुतेक दोष यंत्रावाचून, नुसत्या डोळ्यांनी सापडतात असे तेथील सुरक्षा-खात्याचेच सांगणे आहे. परभणीच्या कारागिराची नजर आणि त्या संहितेचे पहिले पाऊल यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते नोंदीत आणि वेळेत. परभणीत वस्तू बिघडल्यावर दुकानात जाते. तेथे ती बिघडण्यापूर्वी पाहिली जाते.

गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन हा तिसरा मार्ग. डाल्झिएल यांनीच १९६१ मध्ये तशी रचना सिद्ध केली. आपल्या नियमावलीत ती ६१-अ या नियमाने आली, परंतु पाच किलोवॉटखालील लहान मांडण्या वगळून. पुढील विनियमांत ही सीमा खाली आली आणि घरगुती जोडणीसाठी तीस मिलिअँपिअरची मर्यादा आली. दोन दिवे, एक पंखा आणि उन्हाळ्यात एक कूलर चालविणारे घर भाराच्या हिशेबाने लहान असते. कोरड्या जमिनीत फ्यूजपेक्षा हे साधन कितीतरी विश्वसनीय, कारण शंभर ओहमच्या खड्ड्यातूनही तीस मिलिअँपिअर सहज वाहतात. आणि ज्या घरांचे खड्डे सर्वांत वाईट त्यांच्याकडेच ते सर्वांत उशिरा पोहोचते.

१९५६ च्या नियमावलीची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, नंतर २०२३ चे विनियम आले. २०१० च्या पाठात तो जुना कंस जवळजवळ शब्दशः उतरला आहे. दुहेरी निरोधनाच्या उपकरणांस मात्र नवी सूट मिळाली. न्यायालयीन विचार दुसऱ्याच दिशेने विकसित झाला. मध्य प्रदेश विद्युत् मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पुरवठादाराची कठोर जबाबदारी मान्य केली, ती रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेसंबंधी. तारेला मालक असतो, त्याच्यावर दावा लावता येतो. स्वतःच्या इस्तरीने मेलेल्या माणसाचा प्रतिवादी कोण? राष्ट्रीय पातळीवरील अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू अलीकडे दरवर्षी दहा हजारांहून अधिक दिसतात, पण ते एकाच शीर्षकाखाली. शेतातील पंपाची पेटी, लोंबकळती तार आणि घरातील कूलर त्यात एकत्र मिसळले आहेत.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी अहवालांपाशी न थांबता पोलीस ठाण्यातील आकस्मिक मृत्यूच्या नोंदी आणि त्यांना जोडलेले पंचनामे पाहावेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १९४ व्या कलमाखाली, घटनास्थळाचे वर्णन करावेच लागते. त्या वर्णनात महिना कोणता आहे, फरशी ओली होती की कोरडी, हातात काय होते, आणि भिंतीतून काढलेल्या प्लगला पिना दोन होत्या की तीन, एवढे चार तपशील गावोगावच्या नोंदींतून टिपून घेतले तरी कंसातील त्या शब्दांचा जिल्ह्यातील इतिहास लिहिता येईल.